शी मे वॉक

मी खुबा मोडून खाटेवर पडली आणि इंग्रजी शिकली, असं सांगतलं तं लोकं हासतात. हासू द्या. माही सून सुचिता पुढच्या खोलीत पोट्ट्यायची शिकवणी घ्याची आणि माही खाट मधल्या खोलीत. आडवा नुसता पडदा. रोज कानावर एकच: मे आय गो? यू मे गो. मे आय सिट? यू मे सिट. सुचिता सांगे, ‘मे’ म्हणजे परवानगी. मोठ्या माणसाले इचारायचं, त्यानं हो म्हटलं की मंगच करायचं. बाप्पा, म्हटलं, इंग्रजायतही सासुरवास आहेच.

मले जास्ती काही नको होतं. मोरीपर्यंत आपल्या पायानं जाता आलं पाहिजे, बस. सून भांडं लावे, धुवे, तोंडातून ब्र काढत नसे, आणि मले मेल्याहून मेल्यासारखं होये. शाळेत खिचडीचे भरले गंज एकटीनं उतरवणारी बाई मी, माही मलेच चीड ये.

तपासणीले बुलडाण्याले नेलं. डॉक्टर परमुलखातला. माह्या पोराशी, प्रसेनजितशी, सगळं इंग्रजीत बोलला. एक्सरे उजेडाले धरून किती वेळ काय काय सांगतलं, माह्या डोक्यावरून गेलं. पण शेवटी म्हणे, “शी मे वॉक.” हे मात्र म्या बरोब्बर पकडलं. प्रसेनजितचं तोंड उतरलं होतं, पण त्याचं तोंड तं लाईट गेली तरी उतरते. ऑटोत बसल्या बसल्या म्या सुचिताले इचारलं, डॉक्टरनं चालाची परवानगी देली ना व? तिनं नवऱ्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं.

“हो आई, देली. उद्यापासून चाला.”

चालली. कसली चालली, वॉकर धरून अर्धी रडली. पह्यल्या दिवशी पडद्यापर्यंतच गेली तं घामानं लुगडं ओलं झालं. पोरगा म्हणे, आई, जीव काढतं काय? म्या म्हटलं, चूप बस बे, माह्यापाशी परवानगी आहे. शेजारची रेणुका येऊन सांगून गेली की या वयात हाड जुळत नसते, उगी कायले तरास. सुचितानं तिले चहा देला. मी उठती असती तं म्या देला नसता.

मोरी गाठली त्या दिवशी आतून कडी लावली आणि ढसाढसा रडली. कडी लावाचं सुख काय असते, ते दुसऱ्याच्या हातानं धुऊन घेतल्याशिवाय कळत नाही.

मधातच सुचितानं शिकवणी वस्तीतल्या बुद्धविहारात नेली. म्हणे, जागा पुरत नाही. पोट्टे तं तेवढेच होते. मले वाटलं, बुढीचा वास येते म्हणून नेली असन. लय लागलं मनाले. सुनेशी धड बोलली नाही मी किती तरी दिवस.

वॉकर सुटला, काठी आली, तशी एक दिवस कोणाले न सांगता विहाराकडं निघाली. जाब इचारायचा होता. दोनदा थांबली, वाटेत एकीनं हात देला तो घेतला नाही. दाराशी दम खाऊन राह्यली होती, तं आत सुचिता शिकवत होती.

“आता ‘मे’चा दुसरा अर्थ. इट मे रेन. पाऊस येईल, नाहीतर नाही बी येणार. सांगता येत नाही.”

उभ्या उभ्या मले सारं समजलं. डॉक्टर काय म्हणला होता, पोराचं तोंड काऊन उतरलं होतं, शिकवणी पडद्याच्या पलीकडून काऊन उठली. आणि मी हिच्याशी अबोला धरून बसली होती. डोळे भरून आले, पुसले.

एका पोरीनं मले पाह्यलं, मंग सुचितानं. ती दाराशी आली. म्हणे, “आई, म्या तुमाले खोटं...”

“खोटंच सांगतलं. बरं केलं.”

तिनं लगबगीनं खुर्ची पुढं केली.

“राहू दे,” म्या म्हटलं. “मी उभी राहते. तू पूर्ण शिकव.”