काकांचं वाक्य मी भिंतीवर लावलं

अगं थांबा ना, मध्ये बोलू नका, नाहीतर मला सांगवणारच नाही.

आमच्या प्रेसमध्ये एक पद्धत आहे. कागद चुकीचा छापला गेला, रंग सरकला, पान उलटं लागलं, की तो कागद चहाच्या टेबलामागच्या भिंतीवर लावायचा. खाली ज्याने छापला त्याचं नाव. सगळे हसतात, तोही हसतो, आणि ती चूक परत होत नाही. खरंच होत नाही!

तर आमचे बाइंडिंगवाले काका. साठीचे, बोटांना कायम खळ लागलेली. एकदा चहा पिताना म्हणाले, "इन्शुलिन म्हणजे डोळ्यांची वाट. सुई टोचली की माणूस आंधळा झालाच म्हणून समजा."

मी उसळलेच. "काका, कुठल्या कॉलेजातून डॉक्टर झालात हो?"

"सख्ख्या भावाचं पाहिलंय मी. सुई सुरू केली, वर्षात दिसेनासं झालं."

"उद्या म्हणाल, छत्री उघडली म्हणून पाऊस आला!"

सगळे फिदीफिदी हसले, मला आणखी चेव आला. मी संगणकावर पानं लावते ना, पाच मिनिटांत काकांचा फोटो, खाली ते वाक्य हे एवढ्या ठळक अक्षरात, वर 'डॉक्टर खळवाले'. छापलं, लावलं भिंतीवर. मला वाटलं, असल्या बोलण्याने कुणाचा तरी जीव जाईल, एकदा चारचौघांत नाक कापलं की तोंड बंद होईल.

झालंच बंद. काका चहाला यायचे थांबले, कटिंग मशिनपाशी उभ्याउभ्याच प्यायचे. मशिनवाला दादा म्हणाला, "काढ गं तो कागद." मी म्हटलं, "का? चुकीचाच आहे ना?" असं म्हणाले मी.

तीन आठवड्यांनी काका कामावर आलेच नाहीत. काकू दवाखान्यात. साखर चारशेच्या वर, पायाची जखम चिघळलेली, दोन बोटं काढावी लागली. डॉक्टरांनी काकूंना इन्शुलिनच्या सुया लिहून दिल्या होत्या, मी कागद लावला त्याच्या आदल्याच दिवशी. फ्रिजमध्ये तशाच पडून.

मी धावत गेले. काका पलंगाशेजारी स्टुलावर बसलेले. मला रडूच फुटलं. "काका, मला विचारायचं तरी!"

"विचारतच होतो की गं." रागावून नाही हं, अगदी साधं. "तू शिकलेली. म्हणशील, नाही हो काका, भावाचं काहीतरी वेगळं झालं असेल. तेवढंच ऐकायचं होतं. मग भिंतीवर लागलो, आणि घरी येऊन हिला म्हटलं, सुया नकोतच. मागे कसा फिरणार?"

काकूंचे डोळे मिटलेले. झोपल्या नव्हत्या पण.

तेवढ्यात सिस्टर आली, सुई कशी द्यायची ते शिकवायला. पोटाची चिमूट कशी धरायची, सगळं दाखवलं. म्हणाली, "बाबा, काही विचारायचंय?"

काकांनी तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. मिटलं.

"बाळ," मला म्हणाले, "तू जरा बाहेर थांबतेस?"

मी बाहेर आले. दाराला काच होती. काका हातवारे करत काहीतरी सांगत होते, स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवत होते. सिस्टर दुसरं स्टूल ओढून समोर बसली. हसली नाही गं ती. पंधरा मिनिटं तरी बोलत होते दोघं, मला बाहेर एक शब्द ऐकू येत नव्हता. मग काकांनी शर्टाला हात पुसले आणि सुई हातात घेतली.