घाटामागचा जनरेटर

मित्रांनो, नाकाला रुमाल लावलात तरी मला राग येणार नाही. हा जळक्या डिझेलचा वास माझाच आहे आणि इतकी वर्षं बंद पडून राहिलो तरी तो गेलेला नाही. मी जनरेटर आहे. जुना, एका सिलिंडरचा, हँडल मारून सुरू करायचा. नारायणगावच्या पेठेमागं एका गोदामात फाटक्या कनातींच्या ढिगाशेजारी मी उभा आहे आणि उद्या मला फोडणार आहेत. माझ्यासाठी हळहळू नका. मी लोखंड आहे, वितळवलं की दुसरं काहीतरी होईन. हळहळायचंच असेल तर एका माणसासाठी हळहळा. त्याची गोष्ट सांगूनच मी फुटेन म्हणतो.

माझा जन्म राजकोटचा. तिथं मला ओतलं, घासलं, हिरवा रंग दिला आणि नव्वदच्या सुमारास रमणलालशेठ मला ट्रकमधून इकडं घेऊन आले. शेठ मूळचे राजस्थानातले, पण त्यांच्या आजोबांपासून घर इथलंच. मंडप, भांडी आणि स्पीकर भाड्यानं देणं हा त्यांचा धंदा. त्या दिवसांत जुन्नर-आंबेगावात वीज यायची ती पाहुण्यासारखी, आणि माळावर, डोंगरात, जत्रेच्या घाटात तर खांबही नव्हते. अशा ठिकाणी कर्णे वाजवायचे तर माझ्यावाचून पान हलत नसे. ओझरच्या उत्सवात मी राबलो. भीमाशंकरच्या वाटेवर शिवरात्रीला राबलो. आहुप्याला एका लग्नात मला चार बैलांनी ओढून वर नेलं होतं, आणि तिथल्या म्हाताऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एवढा मोठा सनईचा आवाज ऐकला.

कौतुक मात्र कर्ण्यांचं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी माईकला हळदकुंकू लागायचं, अॅम्प्लिफायरपुढं नारळ फुटायचा, कर्ण्यांना हार पडायचे. माझ्यापर्यंत नारळ कधी पोचला नाही. कारण सोपं आहे. मी आवाज देतो आणि मी आवाज करतोही. माझा धडधडाट कार्यक्रमात घुसू नये म्हणून लांबलचक केबल टाकून मला दूर, पार मागं उभं करतात. गावाचं मागं म्हणजे कुठं, हे तुम्हाला सांगायला नको. दर गावात माझी जागा ठरलेली असे. जिथं खालची वस्ती, तिथं मी. पुढच्यांना भजन ऐकू येई, मागच्यांना मी.

मला चालवणारा चांगदेवही अशाच एका वस्तीतला, खडकमाळच्या बौद्धवाड्यातला. हँडल मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. हँडल उलटं बसलं तर मनगट मोडतं, म्हणून तो अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल धरायचा, वरचा खटका उचलून चाक फिरवायचा आणि मी पहिल्या झटक्यात जागा व्हायचो. मग माझ्या डिझेलच्या टाकीवर उजवा तळवा ठेवून उभा राहायचा. मी नीट चाललोय की अडखळतोय हे त्याला तळव्याला कळे. कानांना कळत नव्हतं, कारण कान मी खाल्ले होते. इतकी वर्षं माझ्याशेजारी उभं राहून दुसरं काय होणार? घरी त्याची बायको द्रौपदा तीन-तीनदा हाक मारायची. "कानात मशीन चालतंया," तो म्हणायचा, आणि वस्तीतली माणसं हसायची. तोही हसायचा. मला बंद केल्यावरही त्याच्या कानात मी बराच वेळ चालत राहायचो.

आता खडकमाळच्या जत्रेचं ऐका.

खडकमाळची चैत्रातली जत्रा म्हणजे बैलगाडा शर्यत. गाडे ज्या चढावर पळतात त्याला आमच्याकडं घाट म्हणतात आणि एका गाड्याच्या पळण्याला बारी. घाटाच्या माथ्यावर मंडप, मंडपात पंच आणि माईकपाशी धर्माजी. धर्माजी हा या पट्ट्यातला नावाजलेला निवेदक. त्यानं "भिर्रर्र" म्हणून आरोळी ठोकली की बैलांच्या अंगावर काटा उभा राहायचा, असं लोक सांगायचे. ती आरोळी माझ्या विजेवर जायची. मी नेहमीप्रमाणे मागं, उतारावर, एका अर्धवट खोदून सोडलेल्या विहिरीच्या अलीकडं उभा होतो. विहिरीला काळा खडक लागला म्हणून मालकानं ती तशीच टाकली होती. कठडा नव्हता, कडेला नुसती मुरमाची माती.

ऊन रणरणत होतं आणि मला थंड ठेवणारं टाकीतलं पाणी उकळून आटायला लागलं होतं. मंडपात पाण्याचे ड्रम भरलेले होते, पण ते पाणी पाहुण्यांचं. म्हणून द्रौपदा हंडा घेऊन वस्तीच्या हातपंपाकडं गेली आणि जाताना कल्याणीला माझ्या सावलीत बसवून गेली. कल्याणी त्यांची मुलगी, पाच वर्षांची, अंगात पिवळा फ्रॉक. चांगदेव माझा सैल झालेला पट्टा बघायला वाकला. तो उभा राहीपर्यंत सावलीत कोणी नव्हतं.

त्यानं हाक मारली. माझ्याजवळ उभं राहून मारलेली हाक त्याची त्यालाच ऐकू आली नसेल. मला माहीत होतं ती कुठं होती. माती पायाखालून सरकली होती आणि पोरगी विहिरीत, मधल्या खडकाच्या टप्प्यावर, कपारीतल्या झुडपाला धरून रडत होती. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. पण मी चालू असताना माझ्याजवळ हाकेला काही अर्थच नसतो. ती "आबा, आबा" म्हणत होती आणि मी धर्माजीसाठी वीज करत होतो.

चांगदेवला वाटलं, पोरगी गर्दीत शिरली. घाटाच्या दोन्ही बाजूंनी माणसं दाटली होती आणि मधून चौखूर बैल सुटत होते. तो धावत मंडपापाशी गेला. पुढं जे झालं ते माईक चालू असल्यामुळं सगळ्या माळानं ऐकलं.

"धर्माजीभाऊ, माझी कल्याणी दिसंना झालीया. पाच वर्साची हाय, पिवळा फ्रॉक हाय. येवढं माईकवर सांगा."

"मानाची बारी जुपलीया. दिसत न्हाई का तुला? बारी सुटू दे, मग बघू."

"बैलाखाली यील वो ती. पाया पडतो तुमच्या."

"तुज्या पोरीपायी देवाची बारी थांबवू व्हय?"

"मग मला द्या माईक. मी सांगतो, येकदाच."

धर्माजीनं माईक झटक्यात बाजूला घेतला, विंचू अंगावर आल्यासारखा. "माईकला हात लावायचा न्हाई," तो म्हणाला. मग त्याला लोकांची आठवण झाली आणि त्यानं आवाजात गंमत आणली. "ऐका मंडळी. आपल्या जनरेटरवाल्याचं कायतरी हरवलंय म्हणं. कुणाला पाना-पक्कड घावली तर आणून द्या, राव."

सगळा घाट हसला. मित्रांनो, तो विनोदही माझ्याच विजेवर चालला होता. मला लाज वाटली असं म्हणणार होतो, पण लाज वाटून मी थोडाच थांबलो? मी एका ठेक्यात धडधडत राहिलो.

चांगदेव माझ्यापाशी परत आला. त्यानं एकदा घाटाकडं पाहिलं. खाली मानाचा गाडा उभा होता. तो कुशाबाचा होता. कुशाबा म्हणजे गावातला सगळ्यात वजनदार माणूस, ऊस त्याचा, पंच त्याचे. चालू बारीत मशीन बंद करायचं नाही, हा नियम चांगदेव मला चालवायला लागल्यापासूनचा होता. त्यानं तो एकदाही मोडला नव्हता. त्यानं माझ्या डिझेलचा खटका ओढला.

मी थांबलो. कर्णे मुके झाले. चांगदेव माझ्या ट्रॉलीवर चढला आणि ऊर फुटेस्तोवर ओरडला, "माझी पोरगी हरवलीया. पिवळा फ्रॉक हाय. कुनी बघितली का?"

हजारो माणसं गप्प झाली. आणि त्या शांततेत विहिरीतून स्वच्छ हाक आली. "आबा."

चांगदेवच्या पाठीमागून आली. तो वळला नाही. माझा आवाज बाहेर थांबला होता, त्याच्या कानात नव्हता. पोटची पोर त्याला हाक मारत होती आणि तो गर्दीकडं तोंड करून तिलाच शोधत होता. मला सगळं ऐकू आलं. मला बोलता येत असतं तर, असं मी पुष्कळदा मनाशी म्हणतो, पण ते म्हणण्यालाही आता गंजच चढलाय.

ती हाक द्रौपदानं ऐकली. ती हंडा घेऊन विहिरीच्या बाजूनंच येत होती. तिनं हंडा टाकला, पदर खोचला आणि खडकावर पाय रोवत आत उतरली.

इकडं घाटात वेगळंच घडलं होतं. कर्ण्यांच्या गर्जनेवर वाढलेले बैल एकाएकी पडलेल्या शांततेनं बिचकले. गाडा सुटला तो आडवा फिरला आणि कुशाबाची बारी गेली. तो मंडप ओलांडून माझ्याकडं आला, मागं त्याची माणसं. चांगदेव ट्रॉलीवरून उतरून हात जोडायला लागला होता. "मालक, पोरगी..." एवढंच तो बोलला. कुशाबानं इकडंतिकडं पाहिलं, माझ्या अंगाला टेकवलेलं हँडल उचललं आणि चांगदेवच्या उजव्या हातावर घातलं. एकदा नाही. मनगट मोडल्याचा आवाज मी ओळखला. उलट्या बसलेल्या हँडलचा आवाज तसाच येतो.

द्रौपदा वर आली तेव्हा तिच्या कडेवर कल्याणी होती. गुडघे सोललेले, फ्रॉक फाटलेला, पण जिवंत. पोरीनं बापाला जमिनीवर पाहिलं. द्रौपदा म्हणाली, "मालक, हिरीत पडली व्हती. मशीन बंद झालं म्हणून हाक आली मला."

कुशाबानं पोरीकडं नीट पाहून घेतलं. "हाय की हितं पोरगी," तो म्हणाला. "चांगली धडधाकट हाय. उगंच बोंब मारून माझी बारी घालवली. चल, मशीन चालू कर. फुडचं गाडं खोळंबल्यात."

पोरगी सापडली हाच चांगदेवचा गुन्हा ठरला, मित्रांनो. मेली असती तर कदाचित कोणी हळहळलं असतं.

मला सुरू करायचं दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. माझ्या रिकाम्या टाकीत कुशाबाच्या माणसांनी मंडपातल्या ड्रममधलं पाणी आणून ओतलं. आता त्यांना पाण्याची तूट नव्हती. चांगदेवनं डाव्या हातानं हँडल धरलं. चाक फिरेना. तेव्हा द्रौपदानं पोरीला खाली बसवलं आणि नवऱ्याच्या हातावर आपला हात ठेवला. दोघांनी मिळून ते हँडल फिरवलं, ज्याला अजून चांगदेवचं रक्त लागलेलं होतं. आणि मी सुरू झालो. पहिल्या झटक्यात. मशीन आहे मी. हँडल कोण मारतंय आणि कशासाठी मारतंय, हे मशीन विचारत नाही. धर्माजीची आरोळी पुन्हा माळभर घुमली.

रमणलालशेठ वाईट माणूस नव्हते. दुसऱ्या दिवशी ते हातात फळं घेऊन वस्तीत गेले आणि म्हणाले, "चांगदेव, हात बरा झाला की ये. तुझी जागा आहेच." गावाला मात्र ते एक शब्द बोलले नाहीत, कारण गाव मोठं गिऱ्हाईक होतं. हात वाकडा जुळला. हँडल मारता येणार नाही असा जुळला. जागा दुसऱ्याला गेली. त्या दुसऱ्यानं मला रेटून चालवलं, तेल घातलं नाही, पाणी बघितलं नाही, आणि शेवटी मी आतून जाम झालो तो झालोच. मग बटणानं सुरू होणारे जनरेटर आले, डीजेच्या भिंती आल्या. शेठ गेले. त्यांच्या मुलानं, जिनेशनं, मला या कोपऱ्यात ढकललं. कुत्री माझ्या ट्रॉलीखाली व्यायली. दसऱ्याला सगळ्या मशीनना हार, मला नाही.

काल दुपारी भंगारवाला मला बघायला आला, तेव्हा त्याच्या मागोमाग चांगदेव आला. मी फुटणार हे त्याला कुठून कळलं कोण जाणे. त्याच्याबरोबर कल्याणी होती. आता ती मंचरला नर्सिंग शिकते. चांगदेव पुरता बहिरा झालाय. त्यानं डावा तळवा माझ्या टाकीवर ठेवला, जुन्या सवयीनं, आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाला, "बंद करा रं आता याला. लई झालं."

भंगारवाला हसला. जिनेश म्हणाला, "काका, ते मशीन कधीच बंद पडलंय." चांगदेव त्याच्या ओठांकडं बघत राहिला.

कल्याणी हसली नाही. ती पुढं आली, माझा गंजलेला डिझेलचा खटका तिनं दोन्ही हातांनी धरला आणि बापाला दिसेल असा ओढला. मग त्याच्याकडं वळून हातानं खूण केली. बंद. चांगदेवनं मान थोडी तिरपी केली आणि वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. मग हळूहळू मान हलवली, नाही म्हणून.

मित्रांनो, आत्मकथा सांगणाऱ्या आमच्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात की जुन्या वस्तूंची काळजी घ्या. माझी घेऊ नका. तुमच्या गावात मोठा आवाज चालला असेल, नाच रंगात आला असेल, तेव्हा एकदा केबलच्या कडेकडेनं मागं चालत जा. टोकाला मशीन असेल आणि मशीनजवळ एक माणूस उभा असेल. त्याला विचारा, तुझं काही हरवलंय का. आणि उत्तर ऐकू आलं नाही, तर मशीन बंद करा.

मला उद्या फोडतील. चांगदेवच्या कानात मी उद्याही चालूच असेन.