चार बोटं अंतर

काशिनाथ सोनवणेच्या स्टुडिओच्या दारावर पाटी आहे: मोबाइल, स्पीकर, किल्ल्यांचे जुडगे बाहेर ठेवावेत. डिंडोलीतल्या पहिल्या मजल्यावरच्या या एका खोलीत तो जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून देतो. खाली पिठाची गिरणी आहे, पश्चिमेच्या भिंतीमागे अख्ख्या इमारतीचे वीजमीटर. म्हणून टेपांचं लाकडी कपाट पूर्वेच्या भिंतीला आहे. प्रत्येक कप्प्यात त्याने होकायंत्र फिरवून पाहिलं आहे. जिथे काटा हलला, तो कप्पा रिकामा ठेवला आहे.

येणाऱ्या प्रत्येकाला तो तेच ऐकवतो. "टेपवरचा आवाज चुंबकाने लिहिलेला असतो. दुसरं चुंबक जवळ गेलं की पुसतो. औषध एकच, अंतर. चार बोटं लांब ठेवा, निम्मी चिंता मिटली."

धनश्री पाटील मंगळवारी सकाळी आली. ती कापड मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालून पॅकिंग करते. तिने आणलेल्या रिळावर तिच्या सासूचा, शोभाबाईचा आवाज होता. १९९३ साली भरलेली, हळदीची अहिराणी गाणी. एके काळी शहरात डिंडोलीपासून भेस्तानपर्यंत खानदेशातून आलेल्या कुणाच्याही घरी हळद असली की शोभाबाईला बोलावणं जायचं. चार वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे तिचं स्वरयंत्र काढून टाकलं. आता तिचा आवाज फक्त या रिळावर होता. धनश्रीच्या मुलीची, नूतनची हळद सोळा दिवसांवर आली होती. त्या दिवशी आजीचं गाणं लावायचं, ही कल्पना धनश्रीची.

नवऱ्याला, रामदासला, ती पटली नव्हती. रीळ घराबाहेर काढताना त्याने एवढंच बजावलं होतं, "टेपले काही व्हयनं तर माले तोंड दाखाडू नको."

धनश्रीने हे हसत सांगितलं. "म्हणजे अण्णा, माझा संसार आता तुमच्या कपाटात."

"माझ्याकडे आलेली टेप आजवर बिघडलेली नाही," काशिनाथ म्हणाला. "संसाराचं मी सांगू शकत नाही."

रिळाचं मूळ खोकं वाळवीने खाल्लं होतं. धनश्रीने दुकानातला सगळ्यात भारी बॉक्स आणला होता, नवरीच्या शालूचा. जाड पुठ्ठा, सोनेरी छपाई, पुढून येऊन आपोआप मिटणारं झाकण. आत शोभाबाईचं जुनं सुती लुगडं आणि लुगड्याच्या घड्यांच्या मधोमध रीळ.

"सासूबाईंचा आवाज आहे," ती म्हणाली. "तो काय प्लॅस्टिकच्या पिशवीत आणू?"

काशिनाथने रीळ मशीनवर चढवलं आणि दोन मिनिटं वाजवलं. पहिलंच गाणं हळदीचं होतं. आवाज स्वच्छ होता, वरच्या सुरात किंचित खरखरीत. धनश्रीने पदर तोंडाशी धरला. ती लग्न होऊन आली तेव्हा हाच आवाज तिला दिवसभर कामं सांगायचा.

मशीनचा रबरी रोलर मात्र झिजला होता. वेग कमी-जास्त होत होता. नवा रोलर मुंबईहून यायचा होता आणि चुकीच्या वेगाने गाणं उतरवणं काशिनाथला मान्य नव्हतं. त्याने टेप गुंडाळून घेतली, लुगडं बाजूला काढलं.

"हे घरी न्या. कापडाचे तंतू टेपला चिकटतात."

गिऱ्हाइकाची वस्तू गिऱ्हाइकाच्याच खोक्यात ठेवायची, हा त्याचा नियम. त्याने रीळ बॉक्समध्ये ठेवलं. झाकण शेवटच्या इंचात स्वतःच ओढलं गेलं. त्याने ते पाहिलं, पण तो तेव्हा चिठ्ठीवर तारीख लिहीत होता. टेप आडवी ठेवायची नाही, नेहमी उभी, हा दुसरा नियम. त्याने बॉक्स कप्प्यात उभा केला. चिठ्ठी वर, झाकणाची कड खाली. आत रीळ घरंगळत खाली गेलं आणि कडेला टेकलं.

रोलर बाराव्या दिवशी आला. काशिनाथने रीळ चढवलं. गाणं सुरू झालं, तिसऱ्या सेकंदाला आवाज बुडाला, एक धप्प ऐकू आलं, आवाज परत आला, पुन्हा बुडाला. रिळाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. हळदीचं गाणं सगळ्यात बाहेरच्या थरांत होतं. त्याच्या एकाही ओळीचे शब्द सलग लागत नव्हते.

त्याने बॉक्सच्या झाकणाजवळ होकायंत्र नेलं. काटा गर्रकन फिरला आणि कडेकडे तोंड करून थांबला. नखाने कागद सोलला, तर खाली बोटभर लांबीची चपटी चुंबकपट्टी. पहिल्या दिवशी टेप चांगली वाजली होती, म्हणजे घरून इथपर्यंत काही झालं नव्हतं. लुगड्याने रीळ पट्टीपासून चार बोटं लांब ठेवलं होतं. लुगडं त्याने काढलं. बॉक्स त्याने उभा केला. हा हिशेब मांडायला त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. मग त्याने धनश्रीला फोन केला आणि घरच्यांना घेऊन यायला सांगितलं.

ते तिघं आले. शोभाबाईला खुर्ची दिली. तिच्या गळ्याला सुती रुमाल होता आणि मांडीवर लहान मुलाची पाटी. काशिनाथने टेप लावली. स्वतःचा आवाज ऐकून शोभाबाईचं बोट मांडीवर ताल धरू लागलं. आवाज बुडाला, बोट थांबलं. परत आला, बोट हललं. पाच-सहा वेळा असं झाल्यावर तिने हात उचलून बंद करायची खूण केली.

"काय व्हयनं हाई?" रामदासने विचारलं.

काशिनाथने बॉक्स टेबलावर ठेवला आणि सोललेला कागद दाखवला. "चुंबक आहे. झाकणात. हा बॉक्स कोणी आणला?"

कोणी आणला ते त्याला माहीत होतं.

"मी," धनश्री म्हणाली. "पण अण्णा, त्या दिवशी तर चांगलं वाजलं! आपण दोघांनी ऐकलं!"

"दोन मिनिटं ऐकलं. दोन मिनिटांत काय कळतं?"

"मी लुगड्यात गुंडाळून आणलं होतं."

"लुगड्याने चुंबक अडत नाही, ताई," काशिनाथ म्हणाला. वाक्य खरं होतं. कापड चुंबक अडवत नाही. कापडामुळे अंतर पडतं, हे त्याने सांगितलं नाही.

रामदासने बॉक्स उचलला, झाकण दोनदा उघडून मिटलं. टक. टक. "रोज हजार बॉक्स भरस ही. हजार! हातले समजनं नही का तुले, झाकण कसं बंद व्हस?"

"मला वाटलं भारी बॉक्स आहे..."

"भारी! आयना आवाज खायी गई तू, भारी बॉक्समा घालीसन."

"काहीच करता येणार नाही का?" धनश्रीने काशिनाथकडे पाहिलं. "तुम्ही एवढे जुने माणूस आहात."

"पुसलेलं परत येत नाही. शेवटची दोन गाणी आतल्या थरात आहेत, ती बरी निघतील. हळदीचं नाही."

शोभाबाई लिहीत होती. ती चौथी शिकलेली, अक्षर मोठं आणि सावकाश. पाटी तिने सुनेला नाही, मुलाला दाखवली. रामदासने मोठ्याने वाचलं, "नूतनले हळद हिनी लावानी नही."

"आई, माझी पोर आहे ती," धनश्री म्हणाली.

शोभाबाईने रुमालाने पाटी पुसली आणि उभी राहिली.

दोघं खाली गेल्यावर धनश्री दारातच थांबली. ती विचार करत होती, आणि विचार बरोबर दिशेने चालला होता. "अण्णा, ते लुगडं तुम्ही परत दिलं होतं. ते आतच राहिलं असतं, तर?"

"काही फरक पडला नसता."

तिने मान हलवली. "तुमचंही नाव खराब झालं माझ्यामुळे," ती म्हणाली आणि जिना उतरली. रामदास आईला मोटारसायकलवर बसवून निघून गेला होता. ती पायी गेली.

गुरुवारी हळद होती. गल्लीतच मांडव होता आणि काशिनाथलाही बोलावणं होतं. नूतन पाटावर बसली. आत्यांनी हळद लावली, काकूंनी लावली, शेजारच्या बायकांनी लावली. धनश्री मांडवाच्या टोकाला पाण्याच्या पिंपापाशी उभी होती. नूतन दोनदा तिच्याकडे पाहून रडली, तेव्हा आत्यांनी तिची हनुवटी पुढे वळवली.

"आईला बोलवा की! आई कुठंय?" नवऱ्या मुलाकडची एक बाई म्हणाली.

रामदासने सगळं सांगितलं, बॉक्ससकट. मग म्हणाला, "मना विश्वास नको ठेवा. अण्णा बठेल शेतस, त्यासले विचारा. या कामनी माहिती त्यासले."

सगळे काशिनाथकडे वळले. शोभाबाईने पाहिलं. पिंपापासून धनश्रीनेही पाहिलं.

"हो," काशिनाथ म्हणाला. "बॉक्समुळेच."

बाईने धनश्रीकडे एकदा बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. पंगत बसली. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. वाढायला माणसं कमी पडली, म्हणून वरणाचं भांडं धनश्रीच्या हातात दिलं गेलं.

"अण्णा, अजून?" काशिनाथच्या ताटापाशी वाकून तिने विचारलं.

काशिनाथने बट्टी कुस्करून वाटी पुढे केली.