पांढरीतले घर

सकाळी घोड नदीवरून धुके उठले की पैलतीरावरचे उसाचे फड आधी नाहीसे होत, मग वाट, मग दावणीची शेळी. आणि अखेरीस धुरपदेला आपले पत्र्याचे छप्परही पाण्यावर तरंगते आहे असे वाटे. अशाच एका सकाळी अंगणात उभी राहून ती दिल्लीहून येणाऱ्या अधिकारीणबाईंची वाट पाहत होती. त्या बाईंनी ‘येथे प्राचीन टेकाड नाही’ असे लिहिले, तर धुरपदेला पक्के घर मिळणार होते. ‘आहे’ असे लिहिले, तर नाही.

इनामगावाच्या खालच्या अंगाला, नदीच्या वळणावर, एक पांढर केंद्र सरकारच्या संरक्षित स्थळांत नोंदलेली होती. पांढर म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचे टेकाड; तीन हजार वर्षांपूर्वीच्या भिंती, राख, खापरे. तिच्यापासून शंभर मीटरांच्या आत वीट रचण्यास मनाई. त्याच केंद्र सरकारच्या दुसऱ्या खात्याने त्याच शंभर मीटरांत धुरपदेला घरकुल मंजूर केले होते. हे खाते म्हणे, जोत्याचा पाया खणून फोटो पाठवा, नाहीतर मंजुरी जाईल. ते खाते म्हणे, कुदळ लावाल तर गुन्हा. दोन्ही कागदांवर तेच सिंह होते आणि ते, रीतीप्रमाणे, एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

टेकाड मात्र उरले नव्हते. ही माती पिकाला मानवते म्हणून गावाच्या कित्येक पिढ्यांनी ती गाड्या भरभरून शेतांत नेली होती. आता ती कांद्याच्या वाफ्यांत निजली होती. यादीतली स्थळे जागेवर सापडत नाहीत, असा आक्षेप लेखापरीक्षणात निघाला, म्हणून दिल्लीच्या त्या अधिकारीणबाई, अनुपमाबाई, खात्री करून घ्यायला येत होत्या.

“वहिनी, मॅडमनी इचारलं तर म्हनायचं, आमाला काय म्हाईत न्हाई,” उपसरपंच विक्रम बजावत होता.

“आन् जोत्याचा खड्डा?”

“त्याच्यावर कडबा टाकलाय न्हवं? मग कडबा हाय. खड्डा कुठं हाय?”

“तुझ्या पाणंद रस्त्याचंबी तसंच हाय, विक्रमा,” धुरपदेची सासू चांगुणाबाई दारातून म्हणाली. “पाटी हाय. रस्ता कुठं हाय?”

तो खड्डा धुरपदेने आणि तिच्या नवऱ्याने, नवनाथने, फोटोसाठीच खणला होता. गुडघाभर खाली चोपून घट्ट केलेली जमीन लागली आणि तिच्या कडेला एक गोल चूल, राखेसकट. नवनाथ सणसवाडीला कंपनीत गेला की धुरपदा दुपारी तिथे कलंडे. डोळा लागला की एक बाई त्या चुलीशी पाठमोरी बसून फुंकर घालताना दिसे. तिचे तोंड कधी दिसले नाही. पण जागी झाल्यावर धुरपदेचाच घसा धुराने खवखवत असे.

अनुपमाबाई आल्या. हातातल्या यंत्रात पाहत त्यांनी सगळे रान पालथे घातले आणि कडब्यापाशी येऊन थांबल्या.

“नोंदीप्रमाणे टेकाड इथंच हवं.”

“हितं कांदा हाय, मॅडम,” विक्रम नम्रपणे म्हणाला.

“दिसतंय ते.” त्या थकल्या होत्या. “ठीक आहे. लिहिते मी, ‘या जागी वस्तीच्या कोणत्याही खुणा आढळल्या नाहीत.’”

“म्हंजी हितं कुनी राहतच नव्हतं?” धुरपदेने विचारले.

“सरकारी दृष्टीने, नाही.”

धुरपदेला मागचे आठवले. घरकुलाच्या पाहणीला माणूस आला तेव्हा ती शेवंती तोडायला गेली होती. दाराची कडी पाहून त्याने ‘येथे कोणी राहत नाही’ असे लिहिले, आणि पुढे कित्येक वर्षे शिरूरच्या कचेरीत जाऊन, आपण राहतो, हे ती सांगत राहिली. तिला निदान जाऊन सांगता तरी आले. चुलीशी बसलेली ती बाई कोणत्या कचेरीत जाणार?

विक्रम खोकला. धुरपदेने वाकून कडब्याची पहिली पेंढी उचलली, मग दुसरी.

“हिकडं या, मॅडम.”

अनुपमाबाईंनी बूट काढले आणि त्या खाली उतरल्या. उकिडव्या बसून त्यांनी चुलीची कड निरखली.

“हे विनापरवाना खणलंत?”

“सरकारनंच जोत्याचा फोटो मागितला व्हता.”

“कोणत्या सरकारनं?”

“तुमच्याच.”

बाईंना हसू आले, पण ते टिकले नाही. “आता इथं तुमचं घर होणार नाही. कळतंय ना?”

“कळतंय. म्हनून तर कडबा घातला व्हता.”

“घ्या. मरा आता पत्र्याखाली,” म्हणत चांगुणाबाई खड्ड्याच्या काठाशी आली आणि वाकून पाहू लागली. “वाऱ्याला पाठ करून मांडलीया चूल. शहाणी व्हती गं. तुझी बघ, सगळा धूर घरात.”

“मंजुरी दुसऱ्या जागेवर नेता येते,” अनुपमाबाई वर येत म्हणाल्या. “मी शिफारस लिहीन. होईलच असं सांगत नाही. जागा मात्र हवी, हद्दीबाहेर.”

“शंभर मीटर म्हंजी कुठवर?”

बाईंनी यंत्र समोर धरले आणि धुक्याकडे बोट केले. धुरपदा चालू लागली. वाफे संपले, बांध संपला. मागचे छप्पर विरले, माणसे विरली. यंत्र पाहत मागून चालणाऱ्या अनुपमाबाईंचा फक्त आवाज येत राहिला: अजून, अजून थोडं. पायांखालची माती पांढुरकी होती, मग राखाडी झाली, मग काळी.

“बास. तिथं चालेल.”

धुके पातळ होऊ लागले तेव्हा सगळ्यांना दिसले की धुरपदा विक्रमच्या रानात उभी होती.

“वहिनी, बांधाच्या कडंनं उभं ऱ्हावा,” रानाकडे पाहत विक्रम म्हणाला. “मधी हरभरा हाय.”

ती दोन पावले कडेला सरली. रानातून निघायला त्याने सांगितले नाही.