हुलग्याला काय सोसतं

लढाईची वर्षं होती. पुणतांब्याला नदीच्या अंगाला ख्रिस्ती वस्ती होती, तिच्या अगदी टोकाला दीनाबाई राहत. मिशनच्या दवाखान्यात बाळंतपणाचं काम शिकून आलेल्या. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पण आसपासच्या गावांतली निम्मी पोरं त्यांच्याच हातात पहिल्यांदा रडली होती, त्यामुळे आपण एकट्या आहोत असं त्यांना क्वचितच वाटे. दोन कोंबड्या, एक शेळी, परसात पपईचं झाड आणि हुलग्या.

हुलग्या म्हणजे त्यांचा कुत्रा. हुलग्याच्या दाण्यासारखा तांबूस-भुरा, म्हणून हुलग्या. एका मळ्यात सून बाळंत झाली त्याच पहाटे तिथल्या गोठ्यात कुत्री व्याली आणि मेली. पाच पिल्लांतलं एकच तेवढं धुगधुगत होतं. दीनाबाईंनी ते पिशवीतल्या स्वच्छ फडक्यांच्या घडीत घालून घरी आणलं. कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजून जगवलं. तीन महिन्यांचं झालं तरी त्याच्या बरगड्या दिसत, म्हणून त्या रोज सकाळी भाकरीत एक अंडं कुस्करून त्याला घालू लागल्या. स्वतः चहा-भाकरीवर भागवत; पण कोंबडी ओरडली की अंडं हुलग्याचं.

वर्षाच्या आतच त्याला खाज सुटली. आधी पंजे चाटायचा, मग कान खाजवायचा, मग पोटाखालचे केस गेले आणि कातडी भाजल्यासारखी लाल झाली. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं अंघोळी झाल्या, करंजाच्या तेलात गंधक खलून लावून झालं. तेलानं त्याचा नुसता चिखल व्हायचा आणि तो दीनाबाईंच्या पायाशी बसून मोठ्या शहाण्यासारखा त्यांच्याकडे बघायचा. अंगात ताकद नाही म्हणून रोग हटत नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी दुसऱ्या कोंबडीचं अंडंही त्यालाच घालायला सुरुवात केली.

मार्गशीर्षात एके सकाळी त्या बनुबाईंच्या दारात उभ्या होत्या. बनुबाईंची सून पहिलटकरीण होती, नववा लागला होता. दीनाबाई तिला तपासायला आल्या होत्या. बनुबाई उंबऱ्यातच आडव्या उभ्या राहिल्या. बाई वाईट नव्हती. बोलताना तिची नजर खाली होती.

"बाई, राग मानू नका. पर तुमच्या घरात ते खरजुलं कुत्रं हाय. त्याच हातानं तुमी लेकराला घेनार. माज्या जिवाला न्हाई पटत."

"मी हात कसे धुते ते तुम्हाला माहीत आहे, बनुबाई."

"ठावं हाय. पर आता समदं गावच म्हनतंय."

गाव खरंच म्हणत होतं. त्या महिन्यात दीनाबाईंना एकही बोलावणं आलं नाही. दोन ठिकाणी अडाणी हातांनी बाळंतपणं उरकली गेली, आणि त्यातली एक बाई तापानं फणफणली. ते कळलं तेव्हा दीनाबाई दिवसभर घरात बसून राहिल्या.

नाताळ झाला, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात, दाट धुकं पडलं होतं त्या सकाळी, त्या हुलग्याला घेऊन नदीवर गेल्या. नावाड्यानं नाव पाण्यात ढकलली. नाव निघाली तशी मागचा काठ विरघळला, पुढचा अजून उगवला नव्हता, आणि मधे नुसतं पांढरं, मऊ, बिनआवाजाचं काहीतरी होतं. आपण झोपेत आहोत की जाग्या आहोत, हे त्यांना नीटसं कळेना. हुलग्यानं त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली होती. पलीकडे वाळूवर त्यांनी त्याच्यापुढे भाकरी ठेवली, तो खाली वाकला, आणि त्या मागे न बघता नावेत बसल्या. दहा हातांवर आल्यावर धुक्यानं सगळं मिटवून टाकलं. तो भुंकला असता तर बरं झालं असतं. तो भुंकला नाही.

बोलावणी पुन्हा यायला लागली. बनुबाईंच्या सुनेला मुलगी झाली, ती दीनाबाईंच्याच हातावर. त्या पुन्हा गावोगाव जाऊ लागल्या, प्रार्थनेला जाऊ लागल्या, फक्त प्रार्थनेत डोळे मिटले की त्यांना नदी दिसायची. पहाटेच्या झोपेत तर रोजच. हुलग्या पाण्यावरून चालत यायचा, सावकाश, जराही न भिजता. त्याच्या अंगावर केसांच्या जागी धुकं असायचं. तो दारापर्यंत यायचा आणि आत न येता बसून राहायचा. जाग आल्यावर त्या खरोखरच दार उघडून बघत. कोंबड्यांनी घातलेली अंडी टोपलीत साठत राहिली. शेवटी त्यांनी ती शेजारच्या मरियमच्या पोरांना देऊन टाकली.

फाल्गुन उजाडता उजाडता पलीकडच्या काठावरून बोलावणं आलं. नदी आता उतरली होती. घोट्याभर, कुठं गुडघाभर पाणी. दीनाबाई चालतच पलीकडे गेल्या. बाळंतपण सुखरूप झालं, मुलगा झाला, आणि परत निघाल्या तेव्हा सकाळचं कोवळं ऊन वाळूवर पसरलं होतं. रात्रभराच्या जागरणानं त्यांच्या डोळ्यांपुढे सगळं किंचित तरंगत होतं. नदीच्या पात्रात भोई मंडळींनी टरबूज-काकड्यांचे वेल लावले होते. वेलांच्या मधोमध गवताची एक खोप होती, आणि खोपीपुढे कुत्रा बसला होता. तांबूस-भुरा. अंगभर दाट केस, उन्हात चकाकणारे.

हा स्वप्नातलाच, असं त्यांना वाटलं, आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

कुत्र्यानं मान वर केली. क्षणभर तोही तसाच थांबला. मग तो वेलांवरून उड्या मारत असा सुटला की दीनाबाई वाळूवर खालीच बसल्या. त्यानं त्यांचं तोंड, हात, पदर, सगळं चाटून काढलं. त्यांनी त्याचे कान उलटून पाहिले, पोटाखाली हात फिरवला, पंजे पाहिले. कुठं लाली नाही, खपली नाही.

खोपीतून एक म्हातारी बाहेर आली. हातात वेलांना पाणी घालायची झारी होती. ही कडूबाई, वेलांची ही वाडी तिची आणि तिच्या लेकाची.

"तुमचाच व्हय ह्यो?"

दीनाबाईंना खोटं सुचलं नाही. "माझाच. मीच इथं आणून सोडला होता."

कडूबाईनं झारी खाली ठेवली. मग ती शेजारी वाळूवर टेकली.

"आठ दिस पान्याच्या कडंला बसून हुता. हाक मारली तर यायचा न्हाई. मग भूक लागली असंल, आला आपला आपन."

"याला औषध काय लावलंत?"

"अवशिद? आमी कशाला लावतोय? सडलेलं कातडं हुतं, म्हनलं मरंल चार दिसांत. पर महिन्याभरात केस यायला लागले की!"

"मग खायला काय घालता?"

"आमी खातो त्येच. मासळीची डोकी, कन्यांचा भात, न्हाईतर रताळं उकडून. दुसरं काय हाय हितं? बाजरी संपली संक्रांतीच्या आदीच. दूध न्हाई, दुभतं न्हाई. कोंबड्या ठेवल्या तर मुंगूस ऱ्हाऊ देत न्हाई."

दीनाबाई ऐकत होत्या आणि त्यांच्या मनात एक जुनी गोष्ट हळूहळू वर येत होती. एका गावी अंगावर पिणारं लेकरू होतं, त्याच्या अंगावर सारखं लाल उठायचं. सगळे म्हणायचे देवी आली. दीनाबाईंनीच त्या पोराच्या आईला एक-एक जिन्नस बंद करायला लावून शोधून काढलं होतं, की तिनं शेंगदाणे खाल्ले की पोराच्या अंगावर उठतं. हे त्यांना येत होतं. लोकांच्या लेकरांसाठी येत होतं.

"कडूबाई, मी याला परत नेऊ का?"

"मला काय इचारता? त्यालाच इचारा."

दीनाबाई उठून पाण्यात उतरल्या. मागे पाहायची त्यांची छाती होईना. अर्ध्या नदीत आल्यावर शेजारी पाणी खळखळलं.

घरी आल्यावर त्यांनी घाई केली नाही. दाराला कडी घातली, कारण खात्री होईपर्यंत गावाला काही दाखवायचं नव्हतं. पहिले पंधरा दिवस कडूबाईचंच जेवण: भोयांकडून आणलेली मासळी, कण्यांचा भात, उकडलेलं रताळं. हुलग्या मजेत होता. मग त्यांनी त्यात बाजरीची भाकरी मिसळली, आणि बाकी काही बदललं नाही. आठ-दहा दिवस रोज सकाळी कान उलटून पाहिले. कान स्वच्छ. मग शेळीचं दूध. पुन्हा तितकेच दिवस. काही नाही.

आता एकच उरलं होतं. ते करून बघायला त्यांचं मन धजेना. एवढं कळलं तरी पुरे होतं, दिलं नाही की झालं. पण न बघता कसं चालेल? मनात शंका राहील, आणि शंकेपायी कधीतरी पुन्हा चूक होईल. एका सकाळी त्यांनी अंडं उकडलं, भाकरीत कुस्करलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ते किती आनंदानं खाल्लं! ताटली चाटून चाटून सरकवत पार भिंतीपर्यंत नेली.

दुसऱ्या दिवशीही घातलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दीनाबाई धान्य निवडत बसल्या होत्या, तेव्हा ओसरीवरून तो आवाज आला: दात पंज्यात रुतवून कुरतडण्याचा. त्यांनी सूप खाली ठेवलं. जाऊन कान उलटला. आत गुलाबी-लाल रेघ उमटली होती.

त्या त्याच्याजवळ बसल्या. त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"मीच घालत होते रे," त्या म्हणाल्या. "रोज उठून, माझ्या हातानं. आणि वर तुलाच नेऊन टाकलं."

हुलग्याला यातलं काय कळणार? त्यानं त्यांचा अंगठा चाटला आणि पुन्हा पंजा खायला घेतला. दीनाबाई रडल्या. नाव परतताना आलं नव्हतं ते सगळं रडू त्या दुपारी आलं. मग त्यांनी उठून खोबरेल तेल गरम केलं आणि त्याचे पंजे चोळले. चार-पाच दिवसांत लाली गेली.

त्यांनी दाराची कडी काढली ती त्यानंतर. हुलग्याला घेऊन त्या भर सकाळी पेठेतून चालत गेल्या. लोक थांबून पाहायला लागले. बनुबाई ओट्यावर नातीला तेल लावत बसल्या होत्या.

"बाई, ह्यो दुसरा आनला का?"

"तोच आहे. या, हात लावून बघा."

बनुबाईंनी जरा चाचरत हात लावला, मग केसांत बोटं घालून खालची कातडी पाहिली. "काय लावलं वं?"

"काही लावलं नाही. त्याला अंडं सोसत नव्हतं."

"अंडं?" बनुबाई हसायलाच लागल्या. "अवो, लोकाला मिळत न्हाई अंडं, आन् कुत्र्याला सोसत न्हाई!"

दीनाबाईही हसल्या. पण घराकडे वळताना त्यांना वाटलं, आपण माया करतो तेव्हा आपल्याला जे उत्तम वाटतं ते देतो. समोरच्याला ते सोसतं का, हे बघायचं आपल्या मनातच येत नाही.

चैत्र अर्धा सरला. दर चार-आठ दिवसांनी दीनाबाई नदी ओलांडून वाडीवर जात. कडूबाईसाठी कधी कांदे, कधी आंब्याचं लोणचं नेत. येताना मासळी आणि रताळी आणत. हुलग्या पुढे पळत जाई. कधी तो तिकडेच राहायचा, दोन दिवस, तीन दिवस, आणि दीनाबाई त्याला हाक मारत नसत. उन्हानं पांढऱ्या झालेल्या वाळूत त्या आणि कडूबाई खोपीच्या सावलीला बसत. वेलांच्या पानांखाली टरबुजं हळूहळू फुगत होती, वारा पडला की नदीचा आवाज अगदी कानाशी यायचा, आणि दूर वेलांमधून तांबूस-भुरं काहीतरी मधेच दिसायचं, मधेच नाहीसं व्हायचं.