नातीचे तीन नवरे

नातीला वसतिगृहाची खोली महिनाअखेरीस सोडण्यास सांगण्यात आले. लेखी कारण दिले नाही. अधीक्षकबाई तोंडीच म्हणाल्या, “असल्या गोळ्या खाणाऱ्या मुली आम्ही ठेवत नाही.” खोली गेली असती तर पाठोपाठ नोकरीही गेली असती, कारण आमचे गाव दूर आणि एकट्या मुलीला त्या भागात कोणी जागा देत नव्हते.

गोळ्या गर्भनिरोधक होत्या, हे खरे. पाळी अनियमित, म्हणून आमच्या गावच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या. हार्मोनची तपासणी करताना ते सांगावेच लागते. त्या गोळ्यांनी आकडे बदलतात. त्या शहरात तिने ते केवळ तपासणी केंद्रात सांगितले होते, आणि तिथे तिचा कागद तिघांच्या हातून गेला होता. माझ्या सुनेलाही, म्हणजे तिच्या आईलाही, ठाऊक नव्हते.

“आजोबा, रडून झालंय माझं,” नात म्हणाली. “आता मला ते तोंड हवंय, ज्यातून हे बाहेर पडलं.”

माझी सारी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली. गळती शोधण्यासाठी भिंती फोडत बसायचे नसते. प्रत्येक टाकीत निराळा रंग टाकायचा आणि खाली कोणता उतरतो ते पाहायचे. मी तिला एवढेच सांगितले. ती विचार करत राहिली, आणि कित्येक दिवसांत प्रथमच हसली.

“म्हणजे मला तीन नवरे लागतील.”

त्याच केंद्रात पुन्हा तपासणी करायचीच होती. खिडकीवरच्या गृहस्थांना तिने सांगितले, की लग्न एका वैमानिकाशी ठरले आहे. रक्त घेणाऱ्या बाईंना सांगितले, की तो दोन मुलांचा विधुर आहे. आतल्या खोलीत अहवालावर सही करणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या वाट्याला आला जादूगार, गावोगाव खेळ करत हिंडणारा.

“घरी सांगू नका हं,” असे तिने तिघांनाही बजावले. अफवेला त्याहून चांगले खत नसते.

आठवडा उलटायच्या आत अधीक्षकबाईंनी मला बोलावणे धाडले. नात सोबत होती. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचे सचिवही येऊन बसले होते.

“तुम्ही वडीलधारे, म्हणून सांगते,” अधीक्षकबाई म्हणाल्या. “पोरगी एका जादूगाराच्या नादी लागलीय. आणि तुम्हाला पत्ता नाही.”

“कबुतरं काढतो, की ससे?” मी विचारले.

“चेष्टा नको. खात्रीच्या ठिकाणाहून कळलंय.”

“कोणीतरी खोटं सांगितलंय तुम्हाला,” नात म्हणाली.

“वन्सं कशाला खोटं सांगतील? त्यांनीच तर तपासलंय तुला.”

बोलून गेल्यावर त्यांना आपण काय बोललो ते उमगले. नातीने सचिवांकडे वळून शांतपणे तिन्ही नवऱ्यांची हकिकत सांगितली. जादूगार फक्त डॉक्टरीणबाईंच्या कानात घातला होता, हेही सांगितले. सचिवांनी खोली सोडण्याचा हुकूम तिथेच रद्द केला आणि अधीक्षकबाईंना बाहेर थांबायला सांगितले.

मला वाटले, मिटले. नातीला तसे वाटले नव्हते. तिने वैद्यक परिषदेकडे तक्रार केली.

मग नात सुटीला घरी आली असताना एका दुपारी डॉक्टरीणबाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. मी त्यांना बसायला खुर्ची दिली. पाणी दिले नाही.

“बाळ, मी तुझ्या आईच्या वयाची आहे,” त्या म्हणाल्या. “वहिनीशी बोलता बोलता निघून गेलं तोंडातून.”

“दोनदा निघून गेलं.”

“तक्रार मागे घे, असं म्हणत नाही मी. निदान सुनावणी बंद दाराआड होऊ दे. तू अर्ज केलास तर ते ऐकतील. माझी मुलगीही डॉक्टरच आहे. माणसाचं काही खासगी असतं की नाही?”

नातीने खुर्ची ओढून त्यांच्यासमोर घेतली.

“मी अर्ज केलाय,” ती म्हणाली. “सुनावणी उघड व्हावी म्हणून.”

“तुझंही सगळं चव्हाट्यावर येईल.”

“ते तुम्ही केव्हाच आणलंत. या वेळी मी स्वतः सांगेन. गोळीच्या नावासकट.”

डॉक्टरीणबाई गेल्यावर तिने आईला आत बोलावले आणि दार लोटून घेतले. सुनावणीआधी तिला हे एकाच माणसाला सांगायचे होते.