समोरच्या पडद्यातली चार बोटं फट

मी खिडकीबाहेरचा आरसा, मित्रांनो, आणि आता चांगलाच म्हातारा झालोय. हॉलंडमधल्या काम्पेन गावात, एका अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्याच्या खिडकीबाहेर लोखंडी दांडीवर माझं आयुष्य गेलं. आमच्याकडे अशा आरशाला लोक हसत हसत 'छोटा हेर' म्हणतात. घरात बसल्या बसल्या दारात कोण उभं आहे, गल्लीत कोण येतंजातं, ते माझ्यात दिसतं. दांडी फिरवली की मी हवा तिकडे वळतो. स्वतःहून मात्र मला वळता येत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मला गावातल्याच एका काचवाल्यानं घडवलं. माझी कड घासताना त्याचं बोट कापलं आणि त्यानं मला एक सणसणीत शिवी दिली. माझं बारसं तेच. मग आलेडाबाईंनी मला विकत घेऊन खिडकीला बसवलं. त्यांना गल्लीची बित्तंबातमी लागायची. नावडता पाहुणा दिसला की त्या खुर्चीतून हलायच्याच नाहीत. आवडता दिसला की कॉफी ठेवायच्या आणि सोबत एक बिस्किट द्यायच्या. दुसरं बिस्किट त्यांनी जन्मात कुणाला दिलं नाही.

आमच्या गल्लीत पडदे लावत नाहीत. दिवे लागले तरी जेवणाची टेबलं रस्त्यावरून दिसतात, आणि त्याचा लोकांना अभिमान आहे. आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय, असं म्हणतात. त्यामुळे भरदिवसा कुठे पडदा दिसला की आलेडाबाई म्हणायच्या, "घरात कुणीतरी आजारी आहे," आणि वाटाण्याचं सूप चढवायच्या. निम्मं सूप बातमी काढण्यासाठी असायचं, मला का ते माहीत नव्हतं? पण सूप गरम असायचं. रोज सकाळी त्या मला पुसायच्या आणि "शहाणा माझा" म्हणायच्या.

त्या गेल्या आणि घर त्यांच्या भाच्याकडे आलं. हार्मेन वोल्बर्स त्याचं नाव. त्यानं मला एकदाही पुसलं नाही. माझ्या शेजारी, खिडकीच्या चौकटीला एक कॅमेरा मात्र बांधला. रोज संध्याकाळी तो खिडकीशी बसून इंटरनेटवर बोलायचा. समुद्राखालच्या तारा कोण तोडतंय, कुणाच्या फोनला कोण कान लावून बसलंय, कुठल्या मंत्र्याचं पाणी कुठे मुरतंय, सगळं त्यालाच ठाऊक. ऐकणारे मूठभर होते. मग त्याला समोरचा पडदा दिसला.

समोर योरीन आणि तिचा नवरा वेसेल राहायला आले होते. त्यांच्या पुढच्या खोलीला दिवसरात्र जाड पडदा. हार्मेन कार्यक्रमात म्हणाला, "मंडळी, नाव घेत नाही, पण आमच्या गल्लीत एक खिडकी आहे जी कधी उघडत नाही. आत काय चालतं? नगरपालिका गल्लीत कॅमेरे बसवायला का कू करतेय, आणि इथे बघा." त्या दिवशी त्याला ऐकणारे वाढले. दुसऱ्या दिवशी आणखी वाढले. मग तो दुसरं काही बोलेचना.

एक दिवस योरीननं त्याला माझ्याच खाली गाठलं. हातात भाजीची पिशवी होती.

"हार्मेन, एक मिनिट. वेसेलला उजेड सोसत नाही हो. मागच्या हिवाळ्यात बर्फावर स्केटिंग करताना डोक्यावर आपटला, तेव्हापासून. डॉक्टर म्हणालेत, आठवड्याला एक बोट पडदा उघडायचा. तोही दुपारी, आमच्या बाजूला सावली असते तेव्हा. चार बोटांपर्यंत आलोय आम्ही. काल त्याला सायकलवरची मुलं दिसली. इतका रडला."

"असं होय? अरेरे," हार्मेन म्हणाला.

"आमची खिडकी दाखवू नका, एवढंच सांगायला आले."

"मी कुठे कुणाचं नाव घेतो?"

मला वाटलं, झालं, आता हा वर जाऊन सूप चढवेल. त्यानं वर जाऊन कॅमेरा चालू केला.

"मंडळी, आज मला एक कारण ऐकवण्यात आलंय. काळीज पिळवटून टाकणारं आहे. खरंही असेल. पण या माणसाला शेवटचं पाहिलंय कुणी?"

पाहिलं नव्हतं कुणीच. लोक म्हणू लागले, पुरावा दाखव. कॅमेऱ्यांवर नगरपालिकेत मतदान जवळ आलं होतं. हार्मेनच्या कॅमेऱ्याला ती फट दिसायची, पण आत मिट्ट काळोख. दुपारी आमच्या बाजूला लख्ख ऊन. त्यानं हात बाहेर काढून माझी दांडी पकडली. कितीतरी वर्षांनी मला माणसाचा हात लागला होता, आणि मी खुळा, मला बरं वाटलं. बाहीनं त्यानं मला पुसलंसुद्धा. मग त्यानं मला हळूहळू वळवलं आणि सगळं ऊन माझ्यावर घेऊन त्या चार बोटांच्या फटीत घातलं.

आत पलंगावर एक हडकुळा माणूस फटीकडे तोंड करून बसला होता. मुलांची वाट बघत असावा. उजेड थेट डोळ्यांत गेला तसा तो किंचाळला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली कोसळला. हार्मेननं मला तसंच धरून ठेवलं. त्याला नीट चित्र हवं होतं.

"बघा," तो संध्याकाळी म्हणाला, "कसा तोंड लपवतोय."

मग लोक यायला लागले. परगावाहूनही आले. बटाट्याचे तळलेले काप खात खात ते खिडकीखाली उभे राहायचे, फोनचे दिवे पडद्यावर मारायचे आणि हाका घालायचे, "ए बाबा, तोंड दाखव की! लाजतोस काय?" योरीननं काचेवर काळा कागद चिकटवला, तर तोही पुरावा ठरला. शेवटी वेसेलला हलवावं लागलं. भरदुपारी चारचौघांसमोर त्याला डोक्यावर घोंगडी टाकून गाडीत चढवलं. घोंगडी उजेडासाठी होती. गल्लीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. हार्मेननं ते दृश्य दाखवलं आणि एवढंच म्हणाला, "नेलं एकदाचं." कुठे नेलं, का नेलं, हे कुणी विचारलं नाही. कॅमेऱ्यांचा ठराव मंजूर झाला. हार्मेनला मोठ्या वाहिनीवर सुरक्षेचा जाणकार म्हणून खुर्ची मिळाली.

आता गल्लीतच कॅमेरे आले, माझं काय काम? राजाच्या वाढदिवसाला आमच्याकडे प्रत्येकजण घरातली अडगळ रस्त्यावर मांडून विकतो. हार्मेननं त्या सणाची नारिंगी टोपी घातली आणि मला चादरीवर ठेवलं, आलेडाबाईंच्या बिस्किटाच्या डब्याशेजारी. दुपारी एक बाई माझ्यापुढे येऊन थांबली. माझ्यात तिचा चेहरा दिसला. योरीन होती.

"अरे, तुम्ही!" हार्मेन उठून उभा राहिला. "कसे आहेत मिस्टर?"

"किती बोटं, असं विचारताय का? एकही नाही. आता पडदा उघडतच नाही आम्ही. डॉक्टरांनीही सांगायचं सोडलं."

"वाईट वाटतं हो ऐकून." त्यानं मला उचलून तिच्या हातात दिलं. "घ्या, हा तुम्हाला असाच. तुमच्याकडून काय घ्यायचं? तुमच्यामुळेच तर लोक मला ओळखायला लागले."

तो थट्टा करत नव्हता, मित्रांनो. मनापासून बोलत होता. मला त्याच्या त्या मनाचीच किळस आली.

योरीन त्याच्याकडे बघत राहिली. "नेते," ती म्हणाली. "परत कुणाच्या खिडकीला लागायला नको."

तिनं मला फोडलं नाही. फुटण्याचा आवाज वेसेलला सोसला नसता. जुन्या टॉवेलात गुंडाळून तिनं मला त्यांच्या नव्या घरी, त्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवलंय. बघण्यासाठी घडवलेला मी, आता काही बघत नाही. नुसता त्याचा श्वास ऐकतो. कधी तो विचारतो, "बाहेर मुलं आहेत का गं?" आणि ती सांगते, "आहेत ना. सायकली घेऊन आलीत."

मित्रांनो, मला आता कुणी पुसावं असं वाटत नाही. एकच मागणं आहे. कधी या घरी आलात, तर दार हळू उघडा, आणि हातातला दिवा बाहेरच ठेवा. आत माणूस झोपलाय.